कॉव्हेंट्री ते जिनिव्हा: ई-टाइपच्या जुन्या वाटेवर पाच दिवस

15 मार्च 1961 रोजी जिनिव्हाच्या तळ्याकाठी, पार्क दे-ओ-व्हीव्हमध्ये, जॅग्वार कंपनीची ई-टाइप ही स्पोर्ट्स कार पहिल्यांदा लोकांसमोर आली. ती राखाडी कूपे (बंद टपाची गाडी), नंबर 9600 एचपी, कंपनीचे जनसंपर्क अधिकारी बॉब बेरी यांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्याहून स्वतः चालवत आणली होती आणि ती पोचली तेव्हा कार्यक्रमाला अगदी थोडा वेळ उरला होता. तिच्यातून एक चक्कर मारायला मिळावी म्हणून अशी झुंबड उडाली की जॅग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी मागवली. कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस उघड्या टपाची हिरवी 77 आरडब्ल्यू घेऊन संध्याकाळी निघाले, रात्रभर हाकत सकाळी जिनिव्हात हजर झाले. दोन्ही गाड्या आल्या आल्या पाहुण्यांना फिरवायच्या कामाला लागल्या. जॅग्वारने पहिल्या माहितीपत्रकातच ई-टाइपला ग्रँड टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासाची गाडी, म्हटलं होतं, त्याचा अर्थ त्या आठवड्यात रस्त्यावर दिसला.

तीच वाट इथे पाच दिवसांत घेतली आहे. गाडी 1962 ची, 3.8 लिटरची, उजव्या स्टिअरिंगची कूपे. बोटीचा पल्ला सोडून अंतर साधारण 1,100 किलोमीटर. महिना मे, कारण ज्युरा डोंगरातल्या घाटात मार्चमध्ये बर्फ असू शकतो आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ या गाडीच्या पत्र्याला विषासारखं आहे.

पहिला दिवस: कॉव्हेंट्री आणि गेडन

आज प्रवास नाही, फक्त बघणं आणि तयारी. ब्राउन्स लेनच्या ज्या कारखान्यात ई-टाइप बनायची, तिथली जुळणी 2005 मध्ये थांबली. आता तिथे जाऊन फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा तीसेक किलोमीटरवर गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे जावं. जॅग्वारच्या वारसा-संग्रहातल्या गाड्या तिथे असतात आणि शर्यतीची डी-टाइप शेजारी असेल तर ई-टाइप कुठून आली ते डोळ्यांनीच कळतं.

डी-टाइपने 1955, 56 आणि 57 अशी सलग तीन वर्षं ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. दोन्ही गाड्यांचा आकार माल्कम सेयर यांचा. ते ब्रिस्टल या विमान कंपनीतून आलेले. गाडीची वक्ररेषा ते आकडेमोडीने काढत, लॉगॅरिदमच्या तक्त्यांवरून एकेक बिंदू ठरवत. म्हणूनच या पत्र्यावरून तळहात फिरवला तर कुठेही वळण अचानक तुटल्याची जाणीव होत नाही.

या गाडीला वेगळी चासी नाही. दरवाजांच्या मधला भाग म्हणजे पत्र्याची बंद पेटी, आणि तिची ताकद दोन्ही बाजूंच्या रुंद उंबऱ्यांत. त्या पेटीच्या पुढे रेनॉल्ड्स 541 पोलादाच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा बोल्टांनी जोडलेला असतो. इंजिन, पुढचं सस्पेन्शन आणि अख्खं बॉनेट तोच पेलतो. लांबच्या प्रवासाआधी सगळ्यात पहिली तपासणी याच नळ्यांची. त्या आतून गंजतात, बाहेरून रंग शाबूत दिसतो. बॅटरीखालची नळी विशेष बघावी, कारण आम्लाचे थेंब तिच्यावरच उतरतात. टोकदार दाभणाने दाबून बघावं. दाभण रुतला तर प्रवास रद्द. तडा गेलेल्या नळीवर वेल्डिंगचं ठिगळ लावू नये. पातळ पोलाद तापलं की जोडाशेजारी कमकुवत होतं आणि पुढचा तडा तिथेच जातो. तो भाग नवाच बसवायचा.

तेल-पाण्याचे आकडे पाठ असावेत. इंजिनात साडेआठ लिटर तेल, 20डब्ल्यू-50, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. गिअरबॉक्समध्ये 1.4 लिटर, मागच्या डिफरन्शियलमध्ये दीड लिटर, पाणी 18 लिटर, पेट्रोलची टाकी 64 लिटरची. सोबत दोन लिटर इंजिन तेल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी, पंख्याचे फ्यूज, कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, डायनॅमोचा पट्टा, ग्रीस गन आणि तांब्याचा हातोडा. कूपेचं मागचं दार बाजूला उघडतं आणि आत सपाट जागा आहे, त्यामुळे हे सगळं आणि दोन माणसांच्या बॅगा सहज मावतात.

तांब्याचा हातोडा चाकांसाठी. तारेच्या चाकांना मधोमध एकच मोठा पंखाचा नट असतो. डाव्या बाजूचे नट घड्याळाच्या उलट फिरवले की सुटतात, उजव्या बाजूचे घड्याळाच्या दिशेने. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे नट वरच्या बाजूने गाडीच्या पुढे फिरवला की सैल, मागे फिरवला की घट्ट. चारही चाकं काढून, चाक ज्यांच्यात अडकून बसतं त्या हबच्या दातऱ्यांना ग्रीस लावावं आणि पहिल्या चाळीस किलोमीटरनंतर नट पुन्हा ठोकावेत. गाडी हलताना किंवा ब्रेक लावताना चाकातून ‘टक्’ असा आवाज आला तर दातऱ्या झिजल्यात असं समजावं. झिजलेल्या दातऱ्या ग्रीसने भरून येत नाहीत.

दुसरा दिवस: कॉव्हेंट्री ते डोव्हर, 290 किमी

थंड इंजिनाला चोक पूर्ण ओढून स्टार्टर, मग मिनिटभरात चोक अर्ध्यावर. तेल गरम होईपर्यंत इंजिनाचे फेरे मिनिटाला 2,500 च्या वर नेऊ नयेत. साडेआठ लिटर तेल तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतं, त्यामुळे पाण्याचा काटा 70 वर आला म्हणजे इंजिन तयार झालं असं नाही. गरम इंजिनात 3,000 फेऱ्यांना तेलाचा दाब चौरस इंचाला 40 पौंड हवा.

हे एक्सके इंजिन हीच खरी या गाडीची कहाणी. युद्धकाळात विमानहल्ल्यांच्या रात्री कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात आगीवर नजर ठेवण्याची पाळी असायची. त्या जागरणांत विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी लायन्स यांच्यासोबत युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार पक्का केला. हेडच्या वायुमार्गांवर हॅरी वेस्लेक यांनी काम केलं. 1948 मध्ये एक्सके 120 सोबत ते जगापुढे आलं आणि वेगवेगळ्या गाड्यांतून 1992 पर्यंत बनत राहिलं. ई-टाइपमध्ये ते 3,781 घनसेंमीचं, सहा सिलिंडरचं, दोन इंची तीन एसयू कार्ब्युरेटरचं, आणि कंपनीचा आकडा 265 अश्वशक्तीचा. एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते: जॅग्वार सिलिंडर मागून मोजते. एक नंबर ड्रायव्हरच्या बाजूचा, सहा नंबर रेडिएटरजवळचा. फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4. प्लगच्या वायरी पुढून मोजून लावल्या की गाडी सुरूच होत नाही आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतो.

ब्रिटनच्या एम-1 मोटरवेचा पहिला लांब तुकडा 2 नोव्हेंबर 1959 ला खुला झाला. ताशी 70 मैलांची मर्यादा आली डिसेंबर 1965 मध्ये. म्हणजे 1961 साली ताशी 150 मैलांची म्हणून विकलेली ही गाडी तिथे कायद्याने हवी तेवढी पळवता येत होती. आता 110 किलोमीटरला इंजिन साधारण 3,000 फेऱ्यांवर शांत गुणगुणत असतं.

अडचण येते लंडनला वळसा घालताना, डार्टफर्डला थेम्स ओलांडण्याआधीच्या रांगेत. सेयर यांनी हवा कापण्यासाठी गाडीचं तोंड अगदी लहान ठेवलं. वाऱ्यावर असताना तेवढी हवा पुरते, रांगेत पुरत नाही. तिथे सगळा भार रेडिएटरमागच्या दोन पात्यांच्या विजेच्या पंख्यावर, आणि तो चालू होतो पाण्याच्या वरच्या टाकीतल्या उष्णतेच्या स्विचने. काटा 90 च्या पुढे गेला आणि पंख्याचा आवाज नसेल तर गाडी बाजूला घ्यावी, स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच गेलाय. वायरी तशाच जोडून पुढे जाता येतं. नाही फिरला तर फ्यूज बघावा, मग मोटरचा अर्थिंगचा जोड. तोवर हीटर पूर्ण उघडा ठेवावा, केबिन भट्टी होते पण काटा पाच-सात अंश उतरतो. गरम टाकीचं झाकण मात्र उघडू नये.

दिवे आणि पंखा दोन्ही चालू असताना डायनॅमो कमी पडतो. 3.8 च्या डायनॅमोचा करंट जेमतेम 25 अँपिअर, आणि रांगेत मंद फिरताना त्याहूनही कमी. ऑक्टोबर 1964 मध्ये आलेल्या 4.2 लिटरच्या ई-टाइपमध्ये त्याजागी अल्टरनेटर बसला. 3.8 मध्ये बॅटरीची धन बाजू अर्थ असते, 4.2 मध्ये ऋण. उधारीच्या केबलने दुसऱ्या गाडीवरून सुरू करण्याआधी हे बघितलंच पाहिजे.

तिसरा दिवस: डोव्हर, कॅले, रीम्स, 290 किमी

बोटीचा उतार बऱ्याचदा तीव्र असतो. गाडीखाली जागा जेमतेम 13-14 सेंमी आणि सायलेन्सर पोटाखाली लोंबतात, म्हणून चढताना-उतरताना तिरकं जावं. बोटीत हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये, पहिल्या गिअरमध्ये उभी करावी. पार व्हायला दीड तास लागतो. फ्रान्समध्ये उजवीकडून चालायचं, म्हणून ब्रिटिश दिव्यांचा डावीकडे पडणारा झोत अडवणाऱ्या पट्ट्या दिव्यांवरच्या काचेला आधीच चिकटवाव्यात.

1961 मध्ये कॅलेपासून जिनिव्हापर्यंत मोटरवे नव्हता. आजही जुना रस्ताच घ्यावा: सां-तोमेर, बेथ्यून, कांब्रे, सां-कांतां, लाँ. बेथ्यूनपासून थोडी वाट वाकडी करून नव्ह-शापेल इथलं भारतीय स्मारक बघितल्याशिवाय मराठी माणसाने पुढे जाऊ नये. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर बेपत्ता झालेल्या 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या गोल भिंतीवर कोरली आहेत. 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावावर शीख पायदळाबरोबर चाल करून गेलेल्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या, म्हणजे आपल्या खडकीच्या होत्या. त्यातले बरेच परतले नाहीत.

फ्रान्समध्ये पेट्रोल 98 ऑक्टेनचं घ्यावं. 95 ई-10 मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि मऊ करतं. इंजिनाजवळच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नसतील तर पहिली गळती कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच होते, बरोबर गरम एक्झॉस्टच्या समोर नसली तरी तेवढा धोका पुरे. गाडी शंभर किलोमीटरला 15-16 लिटर पिते. टाकीत 64 लिटर असले तरी 300 किलोमीटरला भरावं. कारण 3.8 चा पेट्रोलपंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, आणि तळाचा गाळ ओढला तर तोच आधी अडकतो. इग्निशन फिरवल्यावर मागून बारीक घूं ऐकू यायला हवं. नसेल तर आधी वायरचा जोड, मग पंप. पंप काढायचा तर टाकी रिकामी करणं आलं, ते काम रस्त्याकडेला होत नाही.

रीम्सच्या आठेक किलोमीटर अलीकडे ग्यू गावाजवळ डी-27 रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना अचानक जुन्या प्रेक्षकगॅलऱ्या आणि पिट उभे राहतात. सार्वजनिक रस्त्यांवरच इथे शर्यती व्हायच्या. 29 जून 1952 ला स्टर्लिंग मॉस यांनी इथे सी-टाइप जॅग्वार घेऊन स्पोर्ट्सकारची शर्यत जिंकली. गाडीला चारही चाकांवर डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. डिस्क ब्रेकच्या गाडीचा हा पहिला मोठा विजय. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये ड्रम तापला की फुगतो आणि ब्रेक शूपासून दूर सरकतो. डिस्क उघड्यावर फिरते, वारा तिला निववतो. पुढच्याच वर्षी त्याच ब्रेकांनी ल मान्स जिंकलं. आज कुठल्याही लहान मोटारीचं पुढचं चाक बघा, तिथे रीम्सचा तो दिवस आहे.

ई-टाइपमध्ये पुढे 11 इंची आणि मागे 10 इंची डिस्क. 3.8 चा व्हॅक्यूमवर चालणारा भाता पेडलच्या दांडीलाच मदत करतो आणि पाय ठेवल्यावर किंचित उशिरा जागा होतो. पेडल लाकडासारखं कडक लागतं, त्याची सवय व्हायला एक दिवस जातो. भाता ठीक आहे का ते बघायला इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावं, मग दाबून धरून इंजिन सुरू करावं. पेडल किंचित खाली सरकलं तर ठीक.

चौथा दिवस: रीम्स ते दिजाँ, 300 किमी

शालाँ, व्हित्री, सां-दिझिए, शोमाँ, लांग्र. व्हित्रीपासून रस्ता मार्न नदीच्या उलट्या दिशेने वर जातो आणि लांग्रजवळ नदीच्या उगमापाशीच पोचतो. शोमाँला 50 कमानींचा, 600 मीटर लांबीचा रेल्वेपूल आहे, पाच मिनिटं थांबण्याजोगा.

गाडीला असा दिवस मानवतो. वर्दळ कमी, लांब वळणं, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सगळं काम. ‘मॉस’ नावाच्या या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही. गाडी पूर्ण थांबल्यावर आधी दुसरा टाकून मग पहिला टाकला की दात खरवडत नाहीत. चालत्या गाडीत पहिला टाकण्याची वेळच येऊ देऊ नये. घाईने ओढलेला गिअर या डब्यात जात नाही. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून टाकावा.

संध्याकाळी तेल बघावं, गाडी सपाटीवर उभी करून दहा मिनिटांनी. या इंजिनाला तेल लागतंच. मागच्या टोकाला क्रँकशाफ्टवर आटे कापलेले असतात आणि ते फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की ढकलणारं कुणी नसतं, म्हणून उभ्या गाडीखाली दोन-चार थेंब दिसतात. डाग ताटलीएवढा झाला तर मात्र क्रँककेसच्या श्वासनळीत काही अडकलंय का ते बघावं.

पाचवा दिवस: दिजाँ ते जिनिव्हा, 190 किमी

अंतर सगळ्यात कमी, काम सगळ्यात जास्त. दोल, पोलिन्यी, शांपान्योल, मोरे, ले रूस, आणि मग ला फोसिल घाट, उंची 1,320 मीटर. निघण्याआधी मागचं सस्पेन्शन बघून घ्यावं, कारण घाटात तेच बोलणार.

बॉब नाइट यांनी घडवलेलं हे मागचं सस्पेन्शन माझ्या मते गाडीच्या रूपापेक्षाही मोठं काम आहे. डिफरन्शियल, दोन्ही ब्रेक, चार स्प्रिंगा आणि चार शॉक ॲब्सॉर्बर एका पोलादी पिंजऱ्यात, आणि तो पिंजरा रबराच्या चार ठोकळ्यांवर बॉडीला टांगलेला. चाकाला धरणारा वरचा दांडा वेगळा नाही. ताकद पोचवणारा हाफ-शाफ्टच ते काम करतो. ब्रेकच्या डिस्क चाकापाशी नसून आत, डिफरन्शियलला चिकटून. त्यामुळे चाकासोबत उड्या मारणारं वजन कमी होतं आणि खराब रस्त्यावर मागचं चाक जमीन सोडत नाही. ही रचना जॅग्वारने पुढे कित्येक वर्षं वापरली.

तिची किंमतही तिथेच मोजावी लागते. आतल्या डिस्कला वारा लागत नाही. तापलेल्या डिस्कची उष्णता डिफरन्शियलच्या सीलपर्यंत जाते, सील कडक होऊन चिरतं, तेल डिस्कवर उडतं. पहिली खूण म्हणजे हँडब्रेक धरेनासा होतो, नंतर मागून जळक्या तेलाचा वास. दुरुस्तीला अख्खा पिंजरा खाली उतरवावा लागतो: प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, दोन्ही रेडियस आर्म, अँटी-रोल बारचे दुवे, शेवटी रबरी ठोकळे. त्यामुळे सील दिजाँलाच, गाडी थंड असताना, टॉर्च लावून बघावं. ओलसर दिसलं तर घाट टाळून मोटरवेने जावं. हाफ-शाफ्टचे सांधे आणि खालच्या दांड्याचे पिव्हट यांना ग्रीस देऊनच निघावं.

चढताना इंजिन थोडं मंद वाटतं. माथ्यावर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठवा हिस्सा विरळ असते, ताकदही तेवढीच उतरते. एसयू कार्ब्युरेटर थोडं जुळवून घेतो, पूर्ण नाही. मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल किंचित जास्त होतं. स्क्रूला हात लावू नये, तळ्याकाठी पोचल्यावर सगळं पूर्ववत होतं.

माथ्यावरून एका वळणावर खाली लेमान, म्हणजे जिनिव्हाचं तळं, आणि पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, माँ ब्लाँ. तिथून जेक्सपर्यंत अकरा-बारा किलोमीटरमध्ये सुमारे 700 मीटर उतार. माणसं आणि सामान धरून 1,400 किलोची गाडी तेवढी खाली उतरते तेव्हा जवळजवळ 2.7 युनिट वीज पेटवल्याएवढी उष्णता कुठेतरी जावी लागते. ती ब्रेकमध्ये गेली तर ब्रेक ऑइल उकळतं, पेडल जमिनीला टेकतं. दोन वर्षांत न बदललेल्या ऑइलने ओलावा ओढलेला असतो आणि ते 155 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. ताजं 230 च्या पुढे टिकतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच तिसरा गिअर, अवघड वळणांना दुसरा. ब्रेक थोडा वेळ जोराने दाबून पूर्ण सोडावा, सतत घासत ठेवू नये. जेक्सला पोचल्यावर लगेच थांबून हँडब्रेक ओढू नये. दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर हळू चालवून डिस्क निवू द्याव्यात.

जेक्सवरून जिनिव्हा अर्ध्या तासावर. या वाटेने स्विस मोटरवे लागत नाही, त्यामुळे त्याचा वार्षिक टोल-स्टिकर घ्यावा लागत नाही. शहरातल्या गर्दीत पुन्हा तोच पंखा, तोच 90 चा काटा. पूल ओलांडून तळ्याच्या दक्षिण काठाने गेलं की डावीकडे पाणी आणि उजवीकडे पार्क दे-ओ-व्हीव्हचं हिरवं मैदान, वर जुना वाडा. इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर तसंच मंद चालू ठेवावं. मग बॉनेट पुढे उघडून ठेवावं, गाडीखाली पुठ्ठा सरकवावा, आणि चाकांचे चारही नट हाताने चाचपून बघावेत.